घरचे आणि बाहेरचे

चष्मा कपाळावर ढकलायचा, खुर्ची टेबलाजवळ ओढायची आणि स्क्रीनवरच्या मेलला म्हणायचं, "बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

हो, मेलला! समोर माणूस नाही, फोन नाही, नुसता मेल. आणि त्यालाही अहो-जाहो. मग तो मेल गादीवरून उतरवलेल्या कुठल्यातरी राजपुत्राचा असो, झोपेत वजन कमी करणाऱ्या गोळ्यांचा असो, नाहीतर 'तुमचं पार्सल अडकलंय, इथे क्लिक करा' वाला असो. ताई आधी "बोला" म्हणायच्या, मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, मग चष्मा परत नाकावर आणि निकाल. "हे बाहेरचे." किंवा, "हे घरचे."

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. मी हळूच बॅरीला विचारलं. बॅरी म्हणजे आमचा मालक, इथल्याच बोल्टन गावचा, सगळ्यांना मायेनं 'लव्ह' म्हणणारा. तो म्हणाला, "लव्ह, आपल्या फिल्टरला जे काही येतं ते सगळं तिनंच शिकवलंय. तिला बोलू दे."

थांबा, मी नेहमीसारखी मधूनच सुरू झाले. आधी नीट सांगते.

मी पुण्याहून मँचेस्टरला एमएससी करायला आले, ती झाली, आणि नोकरी लागली ती ह्या चिमुकल्या कंपनीत. खाली कार्पेटचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, खिडकीतून ट्रामचा स्टॉप दिसतो. काम काय, तर छोट्या छोट्या गिऱ्हाइकांचे मेल सांभाळायचे. दातांचे दवाखाने, दोन शाळा, म्हाताऱ्या माणसांची केअर होम्स, एक देऊळ, आणि एक अंत्यविधी करणारी फर्म, जिचे मेल सगळ्यात सभ्य असतात. ऑफिसात आम्ही तिघंच. बॅरी, मी आणि ताई. ताई नागपूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, इंजिनियर, बॅरीबरोबर अगदी सुरुवातीपासून.

आता फिल्टर. तुमच्याही मेलबॉक्समध्ये 'स्पॅम' नावाचा कोपरा असतोच ना? कुठला मेल तिकडे ढकलायचा हे कुणीतरी ठरवतं. आमच्याकडे ते एक शिकणारं सॉफ्टवेअर ठरवायचं. त्याला तुम्ही मेलचे दोन ढीग दाखवायचे, चांगल्यांचा आणि स्पॅमचा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा दिसला ते तो लक्षात ठेवतो. 'लॉटरी' बहुतेक वेळा स्पॅममध्ये दिसली, तर लॉटरी संशयित. 'दाढ' दवाखान्यांच्या मेलमध्ये दिसली, तर दाढ सज्जन. नवीन मेल आला की त्यातल्या सगळ्या शब्दांचं मिळून वजन करतो आणि ठरवतो, आत घ्यायचं की अडवायचं. ही त्याची स्मरणशक्ती म्हणजे त्याचा डेटाबेस, आणि ताई त्याच्या मास्तरीण.

आमच्या धंद्यात चांगल्या मेलला 'हॅम' म्हणतात. जगभर म्हणतात! ताईंना ते अजिबात पटत नसे. "चांगल्या माणसाच्या पत्राला डुकराचं मांस काहून म्हणायचं बाप्पा?" म्हणून त्यांनी फोल्डरचं नावच बदलून टाकलं, इंग्रजी अक्षरात 'घरचे'. दुसऱ्याचं 'बाहेरचे'. आता बोल्टनचा बॅरी सकाळी सकाळी कॉफीचा मग घेऊन विचारतो, "हा घर्चे आहे का गं, लव्ह?" आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नाही.

शिकवण्याचा वार शुक्रवार. दुपारी जेवणानंतर ताई चिवड्याचा डबा उघडायच्या (मक्याचा, त्या स्वतः करायच्या, आणि बॅरी त्यातले शेंगदाणे वेचून खायचा, त्यावरून भांडण व्हायचं) आणि आठवडाभरात लोकांनी 'हा स्पॅम आहे' म्हणून कळवलेले मेल एकेक करून वाचायच्या. कुणाचीही तक्रार परस्पर फिल्टरला द्यायची नाही, हा त्यांचा नियम. सुरुवातीला मला हे फार संथ वाटायचं. अहो, बटण आहे ना! लोक सांगतातच आहेत ना स्पॅम म्हणून!

"लोक काय सांगून राहिले ते बघ तर आधी," ताई म्हणाल्या.

बघितलं. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टनं फायर अलार्मवाल्याचे सगळे मेल स्पॅममध्ये टाकले होते, कारण तो दर महिन्याला टेस्टिंगची आठवण करतो. शाळेच्या सेक्रेटरीनं एका पालकाला स्पॅम केलं होतं, कारण तो दर सोमवारी जेवणाच्या मेन्यूबद्दल लिहितो. एका गृहस्थांनी घटस्फोटित बायकोच्या वकिलाला स्पॅम केलं होतं. आणि केअर होममधल्या एका बाईंनी तर आमच्या बॅरीलाच!

ताई चष्मा वर करून म्हणाल्या, "राग येणं वेगळं, स्पॅम वेगळं. हे समजलं की अर्धं काम झालं."

मी फार भराभरा टाइप करते, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. ताई पलीकडच्या टेबलावरून ओरडायच्या, "पोरी, टाइप करून राहिली का पोहे परतून राहिली?" मी एका मेलला दोन सेकंद द्यायचे, त्या कधी कधी एका मेलवर चहा संपवायच्या. एकदा एका चोराचं लांबलचक पत्र होतं. बायको गेली, मुलगी आजारी, आणि करोडो पौंड तुमच्या नावावर करायचेत. ताईंनी पूर्ण वाचलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "मुलीचं वाईट वाटलं. बाहेरचे."

अजून एक गंमत सांगते, ही फक्त आमच्याच ऑफिसात होत असणार. जो शब्द बरेच महिने कुठल्याच मेलमध्ये येत नाही, तो हा फिल्टर जागा वाचवायला विसरून जातो. त्यामुळे व्हायचं काय, की ख्रिसमस पार्टी, सीक्रेट सांता, मिन्स पाय वगैरे शब्द तो ऑक्टोबरपर्यंत साफ विसरलेला असायचा, आणि डिसेंबरात पार्टीचं पहिलं आमंत्रण आलं की बिचारा दचकायचा. म्हणून दर नोव्हेंबरात ताई त्याला गेल्या वर्षीची आमंत्रणं परत वाचायला द्यायच्या. "उजळणी," त्या म्हणायच्या. दिवाळीआधी देवळाच्या फराळाचे मेल, ईदेआधी ईदचे, आणि एप्रिलच्या आधी त्यांच्या स्वतःच्या मंडळाची जयंतीची आमंत्रणं. त्या मंडळाचा मेलही आम्हीच सांभाळायचो. ताई तिथे दर वर्षी पुस्तकांचा स्टॉल लावायच्या आणि मला गल्ल्यावर बसवायच्या.

अशाच एका जयंतीहून परत येताना ट्राममध्ये मी त्यांना विचारलं, की ताई, तुम्ही चोरांना पण पूर्ण का वाचता? पहिल्या ओळीतच कळतं की.

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "न ऐकता कोणाला बाहेर ठेवायचं नाही. आपल्या लोकांना ठाऊक आहे नं, तसं ठेवलं म्हणजे काय होतं."

मला वाटलं, झालं, हे ताईंचं सगळं सार. लिहून ठेवण्यासारखं वाक्य. पण व्यक्ती अशी एका वाक्यात संपत नाही ना! खऱ्या ताई मला कळल्या त्या पुढच्या वर्षी, एका मुलीच्या मेलमुळे.

ताईंनी तेव्हा नोकरी सोडायचं नक्की केलं होतं. त्यांची मुलगी साउथहॅम्प्टनला डॉक्टर, तिला बाळ होणार होतं, आणि ताई आणि त्यांचे मिस्टर घर बदलून तिकडे निघाले होते. अगदी आनंदात. ऑफिसात नोटीस दिलेली, आणि टेबलावर लोकरीचा गुंडा.

एक दिवस आमच्या एका केअर होमच्या मॅनेजरबाईंचा फोन आला, आणि तो मी घेतला. बाई तापल्या होत्या. "तुमचा फिल्टर माझे मेल खातोय!" त्यांनी वर्षा नावाच्या एका मुलीचा इंटरव्ह्यू घेतला होता, मुलगी आवडली होती, तिला सर्टिफिकेट्स मेल करायला सांगितली होती. मेल काही आला नाही. बाईंना वाटलं, तिला इंटरेस्ट नाही. आणि मुलीला वाटलं, ह्यांना मी नको. शेवटी तिनं धीर करून फोन केला आणि रडत सांगितलं, मॅडम, मी तर तीनदा पाठवलंय.

आता हे समजून घ्या. वर्षा नांदेडची, केअररच्या व्हिसावर आलेली. तिचं आधीचं केअर होम बंद पडलं होतं. असं झालं की दोन महिन्यांच्या आत व्हिसा देणारी नवीन नोकरी शोधायची, नाहीतर परत जायचं. त्यातले निम्मे दिवस आमच्या फिल्टरनं खाल्ले होते.

मी अडवलेल्या मेलमध्ये शोधलं. होते की तिन्ही! एकाखाली एक. पहिला उघडला.

'रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम सेंडिंग माय सर्टिफिकेट्स. काइंडली सी अँड डू द नीडफुल. आय शॅल बी एव्हर ग्रेटफुल टू युअर गुड सेल्फ.'

अरे, हे तर माझ्या शाळेतलं रजेचं पत्र! मी तिन्ही मेल सोडले, वर्षाचा पत्ता 'ह्यांना कधीच अडवू नका' च्या यादीत टाकला, मॅनेजरबाईंना फोन केला, आणि उड्या मारत ताईंना बोलवलं. मला वाटलं, मी हिरो.

ताईंनी मेल वाचला. एकदा, परत एकदा. मग मला म्हणाल्या, "वजनं दाखव."

कुठला शब्द किती संशयित हे फिल्टर दाखवू शकतो. रिस्पेक्टेड: बाहेरचे. काइंडली: बाहेरचे. नीडफुल: शंभर टक्के बाहेरचे. आणि मग मेलच्या तळाशी तिनं गावाकडचा पत्ता दिला होता ना, त्यातलं नांदेड. नांदेडसुद्धा बाहेरचे!

ताईंनी माझ्या हातातून कीबोर्ड घेतला, सावकाश एक शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं. नागपूर.

बाहेरचे.

मी गमतीनं म्हणाले, "ताई, तुम्हालाच हाकललं की ह्यानं!" त्या हसल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या.

"ह्याला मीच शिकवलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कशाला? चोरच लिहितात ना 'काइंडली, काइंडली' करून..."

"चोर लिहीत होते. पण बाकीचे? वर्ध्याचा बी. फार्म झालेला पोरगा, दवाखान्याला मेल करतो, सर कोणतंही काम द्या. तो चोर आहे का? आपल्याकडे असे किती आले. त्यांना मी कधी 'बोला' म्हटलंच नाही, पोरी. 'रिस्पेक्टेड सर' दिसलं की, बाहेर."

मी बॅरीनं उरवलेला चिवडा पुढे केला. त्यांनी नुसताच डबा हातात धरला आणि सांगायला लागल्या. ह्या देशातली त्यांची पहिली नोकरी, कुठलंसं मोठं ऑफिस. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक मेल लिहिला, शेवटी 'प्लीज डू द नीडफुल'. साहेबानं तो मेल उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवला. असं जुनाट इंग्रजी इथे कुणी लिहीत नाही ना! सगळे हसले. वाईट लोक नव्हते, ताई म्हणाल्या, खरंच नव्हते. पण नंतर कितीतरी महिने कुणी कॉफी मागितली तरी म्हणायचं, 'डू द नीडफुल'.

"त्या दिवशी घरी जाऊन मी ते सगळे शब्द काढून टाकले माझ्यातून. हाय ऑल, होप यू आर वेल. शिकले मी. आणि मग ते शब्द दुसऱ्या कोणी लिहिले की माझंच अंग चोरल्यासारखं व्हायचं. वाटायचं, काहून असं लिहितो रे बाबा, आमची लाज काढतो."

इतकं बोलून त्या उठल्या आणि सरळ बॅरीच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून मी ऐकलं. (बंद असतं तरी ऐकलं असतं.)

बॅरी वैतागला होता. त्या केअर होमवाल्यांची सगळी होम्स आमच्याकडे, आणि त्या बाईंनी सोडून जायची धमकी दिली होती. तो म्हणाला, "जुना डेटाबेस पुसून टाकू. रेडिमेड फिल्टर विकत घेऊ. तूही चाललीस, नंतर ह्याला शिकवणार कोण?"

"रेडिमेडला तरी नांदेड कुठे ठाऊक आहे?" ताई म्हणाल्या. "चुकलं ते मी चुकले. मी काढते. मी जायच्या आत."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू पुस. मी स्वतः बटण दाबीन."

मग बॅरीनं अट घातली. ताईंच्या शेवटच्या शुक्रवारी वर्षाचं नाव त्या खास यादीतून काढायचं. तोपर्यंत तिला नोकरीचा कागद गेलेला असेल, ती सही करून परत मेल करेल. तो मेल आपण होऊन, कुणाच्या वशिल्याशिवाय आत आला, तर डेटाबेस राहील. अडला, तर मी तो हातानं सोडायचा, तिचं नुकसान होऊ द्यायचं नाही, आणि ताईंचं इतक्या वर्षांचं शिकवणं पुसायचं.

मला वाटलं, सोप्पं आहे! मी दहा मिनिटांत स्क्रिप्ट लिहिते, 'रिस्पेक्टेड', 'काइंडली', 'नांदेड', 'नागपूर' सगळे शब्द डेटाबेसमधून उडवते. ताई म्हणाल्या, "म्हणजे चोरांनाही दार उघडं. नाही. एकेक पत्र घ्यावं लागेल."

आणि इथे मला ती गोष्ट कळली जी मी अजून सगळ्यांना सांगत सुटते. ह्या फिल्टरला चुकीचं शिकवलेलं विसरायला लावता येतं. पण नुसतं 'विसर' म्हणून चालत नाही. जे पत्र दाखवून शिकवलं होतं, तेच पत्र परत दाखवावं लागतं. तेच, जसंच्या तसं. मग तो त्यातला प्रत्येक शब्द शोधतो आणि एकेक करून वजन उतरवतो.

नशीब म्हणजे ताईंनी शिकवलेले सगळे मेल ठेवले होते. बॅरी कायम डिस्क भरते म्हणून कुरकुर करायचा, आणि त्या म्हणायच्या, शाळेचे पेपर कोणी फेकतं का?

तर मग रोज दुपारी आम्ही दोघी बसायचो. मी मेल काढून द्यायचे, त्या चष्मा वर करायच्या, आणि म्हणायच्या, "बोला. उशीर झाला, माफ करा. बोला." आणि मोठ्यानं वाचायच्या. सगळं.

काय पत्रं होती! अमरावतीचा एक लॅब टेक्निशियन, 'आय ॲम हेल अँड हार्टी अँड होप द सेम फ्रॉम युअर साइड.' एका मुलानं दातांच्या दवाखान्याला लिहिलं होतं, की मला दातांची माहिती नाही पण मी वक्तशीर आहे. एका बाईंनी स्वतःबद्दल चार ओळी आणि नवऱ्याच्या हुशारीबद्दल दोन पानं लिहिली होती. आम्ही पोट धरून हसायचो, आणि मग ताई पदरानं नाही, स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "घरचे."

सगळेच घरचे निघाले असं समजू नका हं. मध्येच एक अतिशय गोड पत्र आलं, आईबद्दल, गावाबद्दल, शेवटी गुडघे टेकून नमस्कार. मी म्हणाले, "घरचे!" ताईंनी खाली जाऊन लिंक बघितली. "हा चोर आहे. पण लिहितो छान. बाहेरचे."

आणि गंमत म्हणजे आताचे चोर तसं लिहीतच नाहीत! ते एआयकडून लिहून घेतात. 'होप धिस फाइंड्स यू वेल', चकचकीत इंग्रजी. ताई एकदा म्हणाल्या, "बघ, चोर माझ्यासारखं लिहायला शिकले, आणि साधी माणसं अजून माझ्या बाबांसारखी लिहून राहिली."

मधल्या काळात वर्षाचा फोन आला. आमचा नंबर तिला मॅनेजरबाईंनी दिला होता. मी फोन ताईंना दिला, स्पीकरवर.

"मॅडम, माझी रूममेट म्हणते तुझ्या इंग्रजीमुळे मेल अडकतात. ती म्हणते एआयवर टाक, ते नीट करून देतं. सहीचा कागद पाठवताना तसं करू का?"

मी जोरजोरात मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा! नोकरी महत्त्वाची! आणि आमची परीक्षाही सोपी झाली असती ना! ताईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुला काय करायचं ते कर, बाळ. मेल पोचेल, ती जबाबदारी माझी," त्या म्हणाल्या. "पण अडलं ते तुझ्या इंग्रजीमुळे नाही. आमच्या फिल्टरमुळे. हे लक्षात ठेव."

मग वर्षा म्हणाली, "मग मी लिहिते तशीच लिहू?"

"लिही."

शेवटचा शुक्रवार. बॅरीनं केक आणला होता. अंड्याचा की बिनअंड्याचा हे विचारायला विसरला म्हणून दोन आणले होते. सकाळी त्यानं स्वतः यादीतून वर्षाचं नाव काढलं. अकराच्या सुमारास ताईंना मेसेज आला, 'मॅडम, सेंट.' बॅरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी अडवलेल्या मेलची खिडकी उघडून बसले होते, आणि जन्मात पहिल्यांदा मी काहीच टाइप करत नव्हते. ताई? ताई विणत होत्या!

अडवलेल्यात काही येईना. मी रिफ्रेश केलं. बूट अर्ध्या किमतीत, एवढंच.

"नाहीये," मी म्हणाले. "इथे नाहीये!"

बॅरीनं केअर होमच्या मॅनेजरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो, आत्ताच आलाय, सही केलेला कागद आहे, आणि पत्रात ती मला गुड सेल्फ म्हणतेय, फार गोड मुलगी आहे. मी किंचाळले. खालून कार्पेटवाल्यानं छताला काठी मारली. बॅरीनं मान खाली घालून ताईंना विचारलं, "म्हणजे तो ठेवायचा तर."

"ठेव," ताई म्हणाल्या, सुई न थांबवता. "पण शुक्रवारी वाचायचं. ही वाचेल. हळू वाचेल."

दुपारी केक खाऊन, माझ्या गालावर थोपटून, लोकरीचा गुंडा पिशवीत टाकून त्या निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. स्टॉपवर उभ्या राहून त्या फोनवर एका बोटानं काहीतरी लिहीत होत्या. एक ट्राम आली, ती सोडली. दुसरी आली, तीही सोडली. तिसरीत चढल्या. काचेतून दिसल्या, अजून लिहीतच होत्या.

थोड्या वेळानं आम्हा दोघांच्या मेलबॉक्समध्ये त्यांचा मेल पडला. इतक्या वर्षांत त्यांचा एकही मेल 'हाय'शिवाय सुरू झालेला मी बघितला नव्हता. बॅरीनं आधी उघडला. तो उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला लागला. मी उठून त्याला थांबवणारच होते, ताईंच्या त्या पहिल्या साहेबाची गोष्ट आठवून. पण बॅरी बोल्टनच्या त्या जाड आवाजात, चर्चमध्ये वाचतात तसा, एकेक शब्द सांभाळून वाचत होता.

'रिस्पेक्टेड बॅरी सर अँड माय डिअर गर्ल, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय हॅव बीन व्हेरी हॅपी हिअर. काइंडली एक्स्क्यूज माय मिस्टेक्स. काइंडली ईट ऑन टाइम. आय शॅल बी एव्हर ग्रेटफुल टू युअर गुड सेल्व्ह्ज.'

वाचून झाल्यावर तो खाली बसला, कीबोर्ड जवळ ओढला आणि दोन बोटांनी टकटक करत 'रिस्पेक्टेड मॅडम' एवढं लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि थांबला.

"लव्ह," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्याच्या पुढे काय लिहितात गं?"

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.